जठरातील जीवाणूचा चाबूक : पेशीपटलातील स्निग्ध द्रव्ये आणि कशाभिकेची जडणघडण

‘कशा’ म्हणजे चाबूक. अश्विनीकुमारांच्या हाती मधुर कशा असते, असा उल्लेख ऋग्वेदात आहे. हेच दोघे देवांचे वैद्यही होत. आपल्या परिभाषाकारांनी या जुन्या शब्दाला हात घालून ‘कशाभिका’ हा शब्द घडविला. चाबकासारखी दिसणारी ती कशाभिका. पाश्चात्त्य विज्ञानात या अवयवाला जे लॅटिन नाव आहे, त्याचाही अर्थ ‘लहान चाबूक’ असाच होतो. मात्र ही दोन्ही नावे दिसण्यावरून पडलेली आहेत, करणीवरून नव्हेत. जीवाणूची कशाभिका चाबकासारखी फटकारत नाही. ती मुळाशी गरगर फिरते आणि जहाजाच्या पंख्याप्रमाणे जीवाणूला पुढे ढकलते. हे १९७३ आणि १९७४ या दोन वर्षांत प्रयोगांनी सिद्ध झाले. कशाभिकेचे टोक काचेला चिकटवून ठेवले असता जीवाणूचे सगळे शरीरच गोल फिरू लागले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे मानवी जठरात राहणाऱ्या एका रोगकारक जीवाणूची कशाभिका कशी बांधली जाते, आणि त्या बांधणीत पेशीच्या पटलातील स्निग्ध द्रव्यांचा हात किती, हा होय. मराठीचा अध्यापक या वाटेला का गेला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघते, ते विज्ञानशिक्षक होते, एवढे कारण खरे तर पुरेसे आहे. परंतु दुसरेही एक कारण आहे. या शोधाच्या मध्यभागी जी युक्ती आहे, ती हस्तलिखितांचे पाठ तपासणाऱ्याला अगदी ओळखीची वाटावी अशी आहे. तिच्याकडे आपण यथावकाश येऊच.

प्रथम जीवाणूचा परिचय. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. नावाचा पूर्वार्ध त्याच्या मळसूत्री आकारावरून आला आहे. उत्तरार्धाच्या मुळाशी ‘द्वारपाल’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण जठरातून आतड्यात उघडणाऱ्या दाराच्या आसपास तो प्रथम लक्षात आला. ऑस्ट्रेलियातील पर्थ या शहरी रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत हे वाकडे जंतू पाहिले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जंतू बशीत वाढविण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते, कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बशा टाकून देण्याची प्रथा होती. १९८२ च्या ईस्टरच्या लांब सुटीत बशा तशाच राहिल्या, आणि जंतू उगवले. मार्शलने १९८४ मध्ये स्वतःच ते जंतू पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. २००५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

या शोधापूर्वी आपल्याकडे घरोघरी पोटातील व्रणाचे खापर तिखट जेवणावर आणि काळजीखोर स्वभावावर फुटत असे. ‘इतकी चिंता करू नका, अल्सर होईल’ हे वाक्य माझ्या पिढीने शेकडो वेळा ऐकले आहे. आज ते पुष्कळ अंशी निराधार ठरले आहे. व्रणांचे एक प्रमुख कारण हा जीवाणू आहे. जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या जठरात तो असतो, असा अंदाज अनेक वर्षे सांगितला गेला. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु काहींना व्रण होतो आणि थोड्यांना पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्ये त्याची गणना निश्चित कर्कजनकांत केली. जठराच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात जगात साडेसहा लाखांच्या आसपास माणसे दगावली. जीवाणूच्या कशाभिकेची चौकशी हा केवळ कुतूहलाचा विलास नाही, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

जठरातील हायड्रोक्लोरिक अम्लात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. हेलिकोबॅक्टरसुद्धा त्या अम्लात सुखाने नांदतो, असे समजू नये. यूरिएज नावाच्या एंझाइमाच्या बळावर तो यूरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचे अम्ल तेवढ्यापुरते मारतो. ही सोय प्रवासापुरती आहे. त्याचे खरे बिऱ्हाड जठराच्या भिंतीलगत, श्लेष्माच्या जाड थराच्या तळाशी असते. तेथे अम्लता फारच कमी. हा थर वरून सतत झिजून वाहून जातो आणि खालून नवा तयार होतो. म्हणजे जो जंतू पोहणार नाही, तो श्लेष्माबरोबर वाहून जाणार. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या डुकराच्या पिलांवर प्रयोग झाले, तेव्हा कशाभिका नसलेले किंवा अधू असलेले जंतू जठरात पाय रोवू शकत नाहीत, असे आढळून आले. सारांश, कशाभिका नाही तर वस्ती नाही, आणि वस्ती नाही तर रोगही नाही.

आता कशाभिकेच्या बांधणीकडे वळू. हेलिकोबॅक्टरच्या एकाच टोकाला सामान्यतः चार-सहा कशाभिकांचा झुबका असतो. प्रत्येकीवर पेशीच्या बाह्यपटलाचीच बनलेली एक खोळ असते, जणू तलवारीवर म्यान. फरक एवढाच की ही तलवार म्यानासकट फिरते! जीवाणूच्या भोवती दोन पटले असतात, अंतःपटल आणि बाह्यपटल. त्यांच्या मधल्या पोकळीत पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची जाळीदार भिंत असते. कशाभिका या तिन्ही आवरणांतून आरपार बाहेर पडते, आणि बांधकाम आतून बाहेर असे चालते. प्रथम अंतःपटलात एक कडे बसते. त्याच्या आतल्या अंगाला दुसरे कडे आणि मध्यभागी एक निर्यातयंत्र बसते. पुढची बहुतेक प्रथिने या यंत्रातून बाहेर ढकलली जातात. मग आस उभा राहतो. आधी त्याचा पेशीकडील भाग, नंतर बाहेरचा. हा आस भिंतीतून जातो तेथे त्याच्याभोवती एक कडे लागते. भिंतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्याला ‘पी-कडे’ म्हणतात. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात जे लोखंडी कडे ठोकलेले असते आणि ज्यात आस फिरतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल. पुढे बाह्यपटलाशी आणखी एक कडे लागते, मग आकडा, आणि सर्वांत शेवटी हजारो प्रथिनकणांनी विणलेला लांब पोकळ तंतू. गंमत अशी की हा तंतू केसासारखा मुळाशी वाढत नाही. प्रथिने पोकळीतून सरकत सरकत टोकाशी जातात आणि तेथे चिकटतात.

या यंत्राचे सामर्थ्यही ध्यानात घेण्यासारखे आहे. गोठवलेल्या पेशींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेऊन त्यांवरून त्रिमितीय आकृती उभी करण्याचे एक तंत्र आहे. गोठविण्याच्या या पद्धतीच्या जनकांना २०१७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या तंत्राने २०१७ मध्येच असे दिसले की हेलिकोबॅक्टरच्या कशाभिकेच्या मुळाशी फिरविणारी १८ एकके वर्तुळात बसलेली असतात. आतड्यातील परिचित जीवाणू एशेरिकिया कोलाय याच्याकडे ती साधारणपणे अकरा असतात. चिकट श्लेष्मातून वाट काढणाऱ्याला जास्त बैल जुंपावे लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सारे वर्णन प्रथिनांचे झाले. पेशीविषयी लिहिताना नायकाचे काम नेहमी प्रथिनांना मिळते आणि पटल बिचारे रंगमंचाच्या पडद्यासारखे मागे लोंबत राहते. परंतु कशाभिकेचा पाया ज्या पटलात रोवलेला आहे, ते पटल लिपिडांचे, म्हणजे स्निग्ध द्रव्यांचे असते. लिपिडाच्या रेणूला पाणी आवडणारे डोके आणि पाणी नावडणाऱ्या शेपट्या असतात. शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे दोन थर जुळले की पटल तयार होते. सगळी लिपिडे मात्र एका घाटाची नसतात. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे साधारण उभ्या नळकांड्याच्या घाटाचे. कार्डिओलिपिनाची गोष्ट निराळी. त्यात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलासारखे दोन रेणू जणू हात धरून एकत्र आलेले असतात. डोके लहान आणि शेपट्या चार, त्यामुळे त्याचा घाट गाजरासारखा निमुळता होतो. असे रेणू पटल जेथे वाकते तेथे सोयीस्कर बसतात. जीवाणूची दोन्ही टोके वाकलेली, म्हणून कार्डिओलिपिन टोकांशी गोळा होते, असे एशेरिकियामध्ये २००० साली रंगद्रव्याच्या साहाय्याने दाखविले गेले.

या लिपिडाच्या नावातच हृदय आहे. मेरी पँगबॉर्न या संशोधिकेने १९४२ मध्ये ते बैलाच्या हृदयातून वेगळे केले, म्हणून कार्डिओलिपिन. उपदंशाच्या निदानासाठी व्हीडीआरएल नावाची जी रक्तपरीक्षा आपल्याकडे गरोदर स्त्रियांची सर्रास केली जाते, तिच्यात वापरतात ते हेच द्रव्य. आपल्या पेशींत ते मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या अंगकाच्या, अंतःपटलात असते. मायटोकाँड्रिया हे फार प्राचीन काळी दुसऱ्या पेशीत शिरून तेथेच स्थायिक झालेल्या जीवाणूंचे वंशज आहेत. कार्डिओलिपिन हा त्यांनी बरोबर आणलेला आहेर समजावा.

आता मुख्य कथा. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील टिमथी हूवर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता. हेलिकोबॅक्टरच्या कशाभिका नेमक्या टोकालाच का उगवतात? कार्डिओलिपिन टोकाशी साचते, कशाभिकाही टोकाशी, तेव्हा पहिले दुसऱ्याला जागा दाखवीत असेल काय? हे तपासण्यासाठी त्यांनी कार्डिओलिपिन बनविणाऱ्या एका एंझाइमाचे जनुक मोडले. ते एकाच वाणात न मोडता दोन वाणांत मोडले. एक ‘जी२७’, दुसरा ‘बी१२८’. या सावधगिरीचे मोल पुढे कळेल.

अपेक्षा अशी की कशाभिका भलत्याच जागी उगवतील. प्रत्यक्षात जी२७ मध्ये त्या उगवल्याच नाहीत. आणि बी१२८ मध्ये? तेथे त्या व्यवस्थित झाल्या! एकच जनुक मोडले, एकाच जातीचे दोन वाण, आणि निकाल अगदी उलटे. एखादा उतावळा संशोधक असता तर त्याने यांपैकी एक निकाल प्रयोगातील चूक म्हणून बाजूला ठेवला असता. या मंडळींनी तसे केले नाही. दोन्ही निकाल खरे मानून त्यांतील अंतराचे कारण शोधावयाचे त्यांनी ठरविले.

पहिली शंका अशी की, लिपिड घटल्यामुळे कशाभिका बांधण्याचा हुकूमच सुटत नसेल. ही शंका निराधार नव्हती. एशेरिकियामध्ये १९९० नंतरच्या दशकात असे आढळले होते की पटलातील काही प्रमुख लिपिडे नाहीशी केली तर कशाभिकेची जनुकेच मूक होतात. तेथे काम कचेरीतच अडते. जी२७ मध्ये मात्र बांधणीच्या आरंभी लागणाऱ्या प्रथिनांची जनुके नेहमीइतकीच बोलत होती. हुकूम सुटत होता, माल पोहोचत होता, तरी इमारत उभी राहत नव्हती.

मग गोठवलेल्या पेशींची त्रिमितीय चित्रे घेतली गेली आणि अर्धवट बांधकाम स्पष्ट दिसले. अंतःपटलातील कडे होते. आतले कडे होते. निर्यातयंत्र होते. आसाचा पेशीकडील भागही उभा होता. त्यापुढे काही नव्हते. म्हणजे ज्या टप्प्यावर पी-कडे लागावयाचे, नेमके तेथे काम थांबले होते.

येथवर ‘कोठे’ हे कळले. ‘का’ आणि ‘दुसऱ्या वाणात का नाही’ हे कळावयाचे राहिले. येथेच पाठचिकित्सकाची युक्ती येते. जनुकांचा सगळा संच म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली पोथी. हेलिकोबॅक्टरची पोथी सोळा-सतरा लाख अक्षरांची. दोन वाणांच्या पोथ्यांत हजारो ठिकाणी पाठभेद असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. अर्थ बिघडविणारा एक कोणता, हे नुसते समोरासमोर ठेवून वाचल्याने उमगत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांच्यापुढे जी अडचण असेल तीच ही. अनेक भेदांतून सार्थ भेद वेचून काढावयाचा. हेलिकोबॅक्टरच्या बाबतीत निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. हा जीवाणू भोवतीचे सुटे जनुकद्रव्य सहज आत घेतो आणि आपल्या पोथीतील तेवढे पान काढून त्या जागी बाहेरचे पान शिवतो. तेव्हा संशोधकांनी कशाभिका नसलेल्या जी२७ च्या पेशींना बी१२८ चे जनुकद्रव्य दिले. कोणत्या पेशीने कोणते पान उचलावे, हे यदृच्छेवर सोडले. मग ज्या पेशी पुन्हा पोहू लागल्या तेवढ्या निवडल्या. बहुतेक पेशींनी निरुपयोगी पाने उचलली असणार, त्या जागच्या हलल्या नाहीत. ज्यांना नेमके पान गवसले त्या सरकल्या. अशा सात वाणांच्या संपूर्ण पोथ्या वाचल्या गेल्या. साताही पोथ्यांत बी१२८ कडून आलेले एक पान समान होते. ते होते पी-कड्याच्या प्रथिनाचे जनुक. त्याला शास्त्रज्ञ ‘एफएलजीआय’ म्हणतात.

तरीही खात्री म्हणून तेवढे एकच जनुक बदलून पाहिले गेले. जी२७ चे पान काढले, बी१२८ चे घातले. कशाभिका परत आल्या. माझ्या मते सगळ्या कथेतील सर्वांत सुंदर पायरी ही आहे. सात पोथ्यांचा कौल मिळाल्यावरही संपादकाने तो पाठ मूळ संहितेत बसवून अर्थ लागतो की नाही हे पाहिले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यावरून त्यांनी मांडलेले अनुमान असे. जी२७ चे पी-कड्याचे प्रथिन कार्डिओलिपिनाचे प्रमाण घटले की कडे बनवू शकत नाही. कडे नाही म्हणून आस पुढे जात नाही, आणि पुढचे सगळे अडते. बी१२८ च्या त्याच प्रथिनाची घडण किंचित निराळी. त्याला लिपिडाचा तेवढा आधार लागत नाही, तुटवड्यातही ते आपले कडे जुळविते. वाचकांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. पी-कडे पटलात नसते, ते पटलांच्या मधल्या भिंतीत असते. पटलातील लिपिड तेथवर कसा प्रभाव टाकते, हा अनुमानाचाच प्रांत आहे. हे प्रथिन अंतःपटल ओलांडून मधल्या पोकळीत यावे लागते, आणि पटलातून प्रथिने पार करणाऱ्या सर्वसाधारण यंत्राला कार्डिओलिपिनाचा पाठिंबा लागतो, हे एशेरिकियामध्ये दिसलेले आहे. धागा तेथे असू शकेल.

हेलिकोबॅक्टरचा लिपिडांशी असलेला संबंध एवढ्यावरच संपत नाही. कोलेस्टेरॉल त्याला स्वतःला बनविता येत नाही. ते तो आपल्या, म्हणजे यजमानाच्या, पेशींतून उचलतो आणि त्याला ग्लुकोज जोडून आपल्या पटलात बसवितो. अशा शर्करायुक्त कोलेस्टेरॉलामुळे आपल्या संरक्षक पेशींच्या तावडीतून निसटणे त्याला सोपे जाते, हे २००६ मध्ये दाखविले गेले. उधारीच्या मालावर संसार थाटून यजमानालाच चकविणारा हा पाहुणा आहे!

आता औषधांचा विचार. या जीवाणूवर दोन-तीन प्रतिजैविके आणि अम्ल कमी करणारे औषध एकत्र देतात. त्यांतील क्लॅरिथ्रोमायसीन या प्रतिजैविकाला दाद न देणारे वाण इतके फोफावले की जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्यांचा समावेश नव्या औषधांची तातडी असलेल्या जंतूंच्या यादीत केला. तेव्हा जंतूला मारण्याऐवजी त्याचे पोहणेच बंद करता येईल काय, हा विचार साहजिक आहे. न पोहणारा जंतू श्लेष्माबरोबर निघून जाईल. कार्डिओलिपिन बनविणारे जीवाणूचे एंझाइम आणि आपल्या मायटोकाँड्रियातील तेच काम करणारे एंझाइम वेगवेगळ्या घराण्यांतील आहेत, त्यांची रासायनिक रीतही भिन्न आहे. त्यामुळे आपल्या हृदयाला धक्का न लावता जीवाणूचे तेवढे एंझाइम अडविणे तत्त्वतः अशक्य नाही.

परंतु समजा, असे औषध उद्या तयार झाले आणि त्याची परीक्षा केवळ जी२७ वर घेतली. कशाभिका नाहीशा झालेल्या पाहून प्रयोगशाळेत पेढे वाटले जातील. तेच औषध ज्या रुग्णाच्या जठरात बी१२८ च्या पाठाचा जंतू आहे, त्याला दिले तर जंतू पूर्वीसारखाच पोहत राहील, आणि औषध का लागू पडले नाही याचा उलगडा डॉक्टरला होणार नाही. जठरागणिक या जीवाणूच्या पोथीत पाठभेद आहेत, आणि अशा औषधापुरता निर्णायक पाठ पी-कड्याच्या त्या एका पानावर आहे. तो वाचावयाचा तर प्रयोग निरनिराळ्या प्रदेशांतील रुग्णांपासून घेतलेल्या अनेक वाणांवर करावे लागतील.